हाताळायची पेटी

आमच्या शाळेत जी वस्तू येते तिच्यावर नंबर पडतो. बाकावर, फळ्यावर, घंटेवर, घंटा बडवायच्या दांडक्यावर, गणपती बसवायच्या पाटावरसुद्धा. हे सगळे नंबर माझ्या अक्षरात आहेत. मी चित्रकला शिकवतो, आणि चित्रकलेचा मास्तर म्हणजे घरचा पेंटर अशी आमच्या संस्थेची पहिल्यापासूनची समजूत आहे. जुन्या हायवेने चौक गाव सोडून खालापूरकडे निघालात की डाव्या हाताला शाळा लागते. टाकीवर 'पाणी जपून वापरा' आणि मागच्या भिंतीवर 'मुले', 'मुली' असं सुबक लिहिलेलं दिसेल. तो मीच, रोहिदास सर.

नंबरांचं हे वेड मुख्याध्यापक ठोंबरे सरांचं. वेड कसलं, भीती. तीन वर्षांपूर्वी संस्थेच्या तपासणीत एक डग्गा बिननंबरचा सापडला. त्याबद्दल सरांना संस्थेच्या कार्यालयात बोलावून चाळीस मिनिटं उभं ठेवलं. समोर खुर्ची रिकामी होती, हे सर अजून सांगतात, आणि सांगताना त्यांचे कान लाल होतात. तेव्हापासून शाळेत टाचणी आली तरी सरांचा पहिला प्रश्न, डेडस्टॉकला चढवली का? डेडस्टॉक म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची वही. वहीत चढली की वस्तू शाळेची, आणि शाळेची झाली की तिला कुलूप. मुलांसाठी म्हणून आलेल्या वस्तूंची मी एकदा मनातल्या मनात बेरीज केली होती. मायक्रोस्कोप दोन, पृथ्वीचे गोल तीन, प्लॅस्टिकचा सांगाडा एक. त्यांपैकी मुलांचा हात लागलेला, पृथ्वीचा एक गोल. तोसुद्धा शिपाई लडकूमामांच्या हातून जिन्यात निसटला आणि खाली उभ्या असलेल्या पोरांनी झेलला म्हणून.

अशा शाळेत प्रणिता ताम्हणे मॅडमनी ती पेटी आणली.

ताम्हणे मॅडम विज्ञान शिकवतात. कर्जतच्या जुन्या घरातल्या. घरात सगळे वकील नाहीतर मास्तर, त्यामुळे कागद वाचायची सवय रक्तातच. रोज स्कूटीवरून कर्जत-चौक रस्त्याने येतात आणि उशीर झाला तर ट्रकवाल्यांना नावं न ठेवता सही करतात. आवाज मुळात लहान. रागावल्या की आणखी लहान होतो, आणि तसा झाला की आम्ही स्टाफरूममधले लोक चहाचे कप घेऊन व्हरांड्यात जातो.

मुंबईतलं एक म्युझियम शाळांना अशा पेट्या पंधरा-पंधरा दिवस वापरायला देतं. प्राण्यांची, पक्ष्यांची, सापांची, किड्यांची, अशा चार. मॅडमनी दोन वर्षं अर्ज केले, फोन केले, एकदा रजा टाकून जाऊनही आल्या. शेवटी मिळालं ते असं: जानेवारीत प्राण्यांची पेटी येईल. ती नीट वापरली असं दिसलं तर वर्षभरात उरलेल्या तीनही येतील. सातवी ब ला त्यांनी हे सांगितलं, आणि वर्गाने भिंतीवर चार चौकोन काढून ठेवले. चौकोन वाकडे होते. मी दुरुस्त करून देतो म्हटलं तर मॅडम नको म्हणाल्या.

सोमवारी टेंपोने पेटी आली. हिरवी, लाकडी, पितळी कड्यांची. वर पांढऱ्या अक्षरात छापलेलं: 'हाताळण्यासाठी'. आत रानडुकराची कवटी, पेंढा भरलेलं गव्हाणी घुबड, कासवाची पाठ, साळिंदराचे बारा काटे, दोन काचांमध्ये धरलेली धामणीची कात. प्राण्यांच्या पेटीत घुबड आणि धामण कशी, तर दोघं उंदीर खाणारी म्हणून, असं मॅडम म्हणाल्या. सोबत दोन पानी इंग्रजी नियम. ठोंबरे सरांनी पेटी आपल्या केबिनमध्ये घ्यायला लावली, नियमांना भोक पाडून ते फायलीत लावले, पेटी काचेच्या कपाटात ठेवली आणि चावी खिशात टाकली.

पहिल्या दिवशी म्हणाले, आधी रीतसर उद्घाटन होऊ दे. दुसऱ्या दिवशी, फोटोग्राफर मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी पालकसभा होती, तर पालकांना कपाटाबाहेरून दाखवली. चौथ्या दिवशी मॅडमनी वर्गाला रांगेने केबिनपर्यंत आणलं. एक्केचाळीस मुलं काचेतून बघून गेली, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण चार सेकंद, आणि लडकूमामांनी मागून काच पुसली. पाचव्या दिवशी मॅडम केबिनमध्ये गेल्या आणि दार लोटून घेतलं. बाहेर ऐकू आला तो फक्त सरांचा आवाज. मोडलं तर जबाबदारी कोणाची, मॅडम, तुमची का माझी? मॅडम काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, म्हणजे खूपच रागावल्या असणार. मी चहाचा कप घेऊन व्हरांड्यात गेलो.

दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी-मंगळवारी मॅडमना अलिबागला प्रशिक्षणाला पाठवलं. बुधवारी संस्थेची तपासणी होती. मंगळवारी दुपारी सरांनी मला बोलावलं. केबिनमध्ये टेबलावर जुना पेपर पसरलेला होता आणि पेपरवर ती पाच जणं मांडलेली होती.

सर म्हणाले, "रोहिदास, उद्याच्या आत एवढं करून टाका. चारशे बारा, आणि पुढे एक ते पाच."

मी विचारलं का, की सर, ही आपली वस्तू नाही, परत जायची आहे? नाही विचारलं. हे मी इथेच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाला शोधत बसायला नको. एकोणीस वर्षांत मी कशावर लिहायचं हे कधी विचारलं नव्हतं. कुठे लिहायचं एवढंच बघायचं. आणि खरं सांगायचं तर डुकराचं कपाळ लिहायला फार झकास. लांब, सपाट, डोळ्यांच्या वर जरा उतरतं. पांढऱ्यावर पांढरं दिसणार नाही म्हणून काळा ऑइल पेंट घेतला, दोन नंबरचा ब्रश, आणि एका दमात काढलं: 'डे. ४१२/१', खाली शाळेचं नाव. कासवाच्या पाठीवर मधल्या खवल्यावर पांढऱ्याने. काचेवर लाल. काट्यांची जुडी बांधून तिला चिठ्ठी. घुबडाचा प्रश्न होता. त्याच्या लाकडी बैठकीवर म्युझियमचं नाव होतं, ते झाकू नका, पाहुण्यांना दिसलं पाहिजे, असं सर म्हणाले. म्हणून चिठ्ठी छातीवर फेविकॉलने लावली. त्या वेळी माझा हात थांबला, असं म्हणायला मला आवडलं असतं. थांबला नाही. मी चिठ्ठी सरळ बसली का ते लांबून पाहिलं.

बुधवारी तपासणी झाली. हिरव्या कापडावर पेटी मांडलेली. संस्थेचे तपासनीस आले, नंबर बघून मान डोलावली, घुबडाबरोबर फोटो काढला. पहिल्यांदाच एकही बिननंबरी वस्तू सापडली नाही असा शेरा लिहिला. ठोंबरे सरांचा चेहरा असा फुलला की मला मनापासून बरं वाटलं. ताम्हणे मॅडम त्याच वेळी अलिबागहून परत आल्या होत्या. दारात उभ्या होत्या. पाहुणे चहा पिऊन, नाष्टा करून, गाडीत बसून जाईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग टेबलाजवळ आल्या. डुकराची कवटी दोन हातांत उचलली आणि वाचली. अक्षर बघून त्यांना विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"रोहिदास सर, तुम्ही लिहिलंत?"

मी हो म्हटलं.

त्यांनी कवटी खाली ठेवली. एवढंच. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. शिव्या मिळाल्या असत्या तर काहीतरी फिटल्यासारखं झालं असतं. त्या सरांकडे वळल्या आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या की ही वस्तू उसनी आहे, हे तुम्हाला मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, नियम तुमच्या फायलीत आहेत. सर म्हणाले, अहो, एवढं काय, टर्पेंटाइनने निघतं. आणि मॅडम घरी जायला निघाल्या तसं सरांनी लडकूमामांना टर्पेंटाइन, चिंधी आणि ब्लेड दिलं.

हाड रंग पितं, हे मला माहीत असायला हवं होतं. मला माहीत होतं, सरांना नव्हतं, आणि लडकूमामांना कोणी सांगितलं नाही. त्यांनी मन लावून खरवडलं. कपाळावर करडा डाग पसरला आणि ब्लेडचे दहा-बारा उभे-आडवे ओरखडे उठले. अक्षरं मात्र बारीक बघितलं तर अजून वाचता येत होती. काच तेवढी स्वच्छ निघाली. कासवाच्या पाठीची चमक गेली. घुबडावरची चिठ्ठी ओढली तर तिच्याबरोबर छातीची पिसं आली आणि मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढं टक्कल उरलं. मामा सकाळी मला म्हणाले, "सर, आमी तरी काय करणार. जोर लावला तर पाखराचा जीव जाईल आसं वाटलं. मग आठवलं, त्याचा गेलेलाच हाय."

गुरुवारी सकाळी, अकरावा दिवस. मॅडमनी कपाटाच्या काचेतून तो सगळा प्रकार बघितला आणि सरांनी आपला तोडगा सांगितला. मी तिथेच होतो, सरांनीच थांबवलं होतं. सरांनी रात्रभर विचार केलेला दिसत होता. ते म्हणाले की आता नंबर कोणाला दिसणार नाही, दिसतील ते ओरखडे. ओरखडे मुलांकडून पडतात. परतीच्या फॉर्ममध्ये लिहा, सातवीच्या मुलांच्या हाताळणीत नुकसान झालं. मुलं आहेत, होतं. कोण विचारायला येतंय.

"मुलांनी अजून पेटीला हात लावलेला नाही, सर," मॅडम म्हणाल्या.

"ते म्युझियमला कुठे माहितेय?"

मॅडमनी हात पुढे केला.

"ठीक आहे. मुलांनी हाताळली असं लिहायचंय ना. मग आधी हाताळू देत. चावी."

ठोंबरे सर धर्मसंकटात पडले. आपल्याच बोलण्यात असं अडकलेला माणूस मी फार दिवसांनी बघितला. चावी दिली नाही तर फॉर्म खोटा, दिली तर कपाट रिकामं. शेवटी त्यांनी चावी टेबलावर ठेवली, हातात दिली नाही. मॅडमनी उचलली. पेटीचं एक कडं त्यांनी धरलं आणि दुसरं मी धरायला गेलो तर म्हणाल्या, लडकूमामा, जरा या हो.

गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारची अर्धी शाळा. माझे तास सोडून मी त्या तीन दिवसांत सातवी ब च्या खिडकीशी जेवढा उभा राहिलो तेवढा नोकरीत कुठल्या वर्गासमोर राहिलो नसेन. मॅडमनी काहीही शिकवलं नाही, असं कोणी बाहेरून बघणारा म्हणाला असता. बाक कडेला सारले, जमिनीवर चटया टाकल्या, वस्तू मध्ये ठेवल्या, आणि फळ्यावर एकच ओळ लिहिली: हा काय खात होता, हे त्याच्या तोंडावरून सांगा.

रुद्र म्हणून एक मुलगा आहे, बाप रसायनीला कंपनीत, शेत मोहोपाड्याच्या अलीकडे. तो कवटीसमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "बाई, मला माहितेय हा काय खात व्हता. आमचा वाल." वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, ते तुझं म्हणणं झालं, दातांचं म्हणणं काय? मग पोरं दातांवर तुटून पडली. सुळा वरचाही वरच वळलेला, खालचाही वरच वळलेला, आणि दोघांची टोकं एकमेकांवर घासून धार लागलेली, हे एका मुलीने बोट कापून घेऊन शोधलं. तिने ते बोट सगळ्यांना अभिमानाने दाखवलं. दुसऱ्या दिवशी सुरभी नावाची मुलगी रुमालात बांधून शेळीचा जबडा घेऊन आली. घरामागे सापडला म्हणाली, आणि घरामागे कसा आला ते विचारू नका म्हणाली. दोन्ही जबडे शेजारी ठेवले. शेळीच्या दाढेवर धारदार कडा, गवत किसायच्या खवणीसारख्या. डुकराच्या दाढेवर गोल गोल उंचवटे. सुरभी बराच वेळ बघत बसली, मग हळूच स्वतःच्या तोंडात बोट घालून मागची दाढ चाचपली.

"बाई," ती बोट न काढता म्हणाली, "माझी डुकरासारखी हाय."

पाच मिनिटांत एक्केचाळीस मुलं तोंडात बोटं घालून बसली होती. नेमके त्याच वेळी ठोंबरे सर दारात आले. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. पहिल्या रांगेतल्या एकाने उठून उत्तर दिलं, पण बोट तोंडातच असल्यामुळे त्यातलं काही कळलं नाही. मॅडमनी भाषांतर केलं: माणूस आणि डुक्कर, दोघेही मिळेल ते खातात, असं निघालंय, सर. पुस्तकात पान बेचाळीसवर आहे, पण यांनी पान उघडलेलं नाही. सर थोडा वेळ उभे राहिले. जाताना त्यांचीही जीभ गालाच्या आतून मागे कुठेतरी गेलेली मला दिसली.

शनिवारी साळिंदराचा एक काटा मोडला. रुद्रने तो भिंतीत रुततो का बघितलं, आणि तो रुतला नाही. मॅडमनी आरडाओरडा केला नाही. वहीचं पान फाडून त्याच्यासमोर ठेवलं आणि काय झालं ते लिही म्हणाल्या. रुद्रने लिहिलं, 'काटा एक मोडला. मी मोडला. भिंत कडक होती.' खाली नाव, इयत्ता, तुकडी. मॅडमनी ते पान फॉर्मला टाचलं.

शाळा सुटल्यावर फॉर्म भरायला त्या स्टाफरूममध्ये बसल्या. मी समोर जाऊन बसलो. गेले तीन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नव्हत्या. नियमांची दोन पानं त्यांनी सरांच्या फायलीतून काढून आणली होती. त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली आणि एका कलमावर बोट ठेवलं. मला इंग्रजी बेताचं येतं, पण एवढं कळलं. विद्यार्थ्यांच्या हाताळणीत होणारी झीज किंवा मोडतोड गृहीत धरलेली आहे. त्याबद्दल शाळेला काहीही विचारलं जाणार नाही, पुढच्या पेट्यांवर परिणाम होणार नाही.

म्हणजे कुलूप लावायचं मुळात कारणच नव्हतं. दोन पानं वाचली असती तर. माझ्या डोक्यात हे उतरत होतं तोवर त्यांनी दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं. वस्तूवर शाळेने कायमची खूण, नाव वा क्रमांक घातल्यास त्या शाळेला दोन शैक्षणिक वर्षं पेटी मिळणार नाही.

मी हिशेबाचा माणूस. दोन्ही कलमं शेजारी मांडली की उत्तर सरळ होतं, आणि मी ते बोलून टाकलं. म्हटलं, मॅडम, सर म्हणतात ते चुकून बरोबर निघतंय. मुलांनी केलं असं लिहिलंत तर कोणाचंच काही जात नाही. मुलांना कोणी बोलणार नाही. पक्ष्यांची पेटी येईल, सापांची येईल. खरं लिहिलंत तर ही मुलं नववीत जाईपर्यंत काही येणार नाही. शेवटी तुम्ही हे सगळं केलंत कोणासाठी?

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"एका काट्याबद्दल त्या पोराने स्वतःचं नाव लिहून दिलंय. तेरा वर्षांचा आहे तो. आणि ब्लेडचे ओरखडे मी त्याच्या नावावर लिहू? ते वाचणारी बाई काय म्हणेल, खालापूरची पोरं कवटी ब्लेडने खरवडतात. हे कागदावर राहील, रोहिदास सर. तुमचं अक्षर जसं राहिलंय ना, तसंच."

मी नियमांची पानं त्यांच्याकडे परत सरकवली.

"आणि कोणासाठी ते मला विचारू नका. तुम्ही तरी विचारू नका."

त्यांनी फॉर्म भरला. मुलांच्या हाताळणीतलं नुकसान: काटा एक, पत्र सोबत. इतर नुकसान: शाळेच्या कार्यालयाने पाचही वस्तूंवर क्रमांक व नाव घातले आणि ते काढण्याच्या प्रयत्नात तीन वस्तू खराब झाल्या. मुख्याध्यापकांच्या सहीसाठी त्या केबिनमध्ये गेल्या आणि चार मिनिटांत परत आल्या. सहीची जागा कोरीच होती. सर म्हणाले होते, मी या कागदाला हात लावणार नाही. मग मी मॅडमकडे पेन मागितलं. 'क्रमांक माझ्या हाताने घातले' असं त्या कोऱ्या जागेखाली लिहून सही केली. मॅडमनी ते वाचलं, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि स्कूटीची किल्ली शोधत निघून गेल्या. आभार मानायचं काही कारण नव्हतंच.

सोमवारी म्युझियमच्या निवेदिता मॅडम टेंपोबरोबर आल्या. वय तिशीच्या आत, पायात बूट, बोलणं झटपट. पेटी उघडून एकेक वस्तू पिवळ्या कापडावर ठेवत गेल्या. काटा बघितला, रुद्रचं पत्र वाचलं, आणि त्यांना हसू आलं. ते पत्र त्यांनी मागून घेतलं. मग कवटी हातात घेतली आणि हसू गेलं. घुबडाचं टक्कल अंगठ्याने चाचपलं. हे घुबड त्यांनी स्वतः भरलं होतं असं म्हणाल्या, शिकाऊ असताना, पहिलंच. ठोंबरे सर गोड आवाजात म्हणाले, लहान मुलं आहेत मॅडम, चालायचंच. निवेदिता मॅडमनी फॉर्म उघडून त्यांच्यासमोर धरला. सर वाचत असताना त्यांचे कान लाल होत गेले.

नियम कडक आहे हे निवेदिता मॅडमनाही मान्य होतं. पण तो का झाला तेही त्यांनी सांगितलं. मागे कुठल्याशा शाळेने नंबर घालून अख्खी पेटीच ठेवून घेतली होती, आणि आणायला गेलेल्या माणसाला वही दाखवली होती, हे बघा, आमच्या वहीत चढलेलं आहे. तेव्हापासून सूट नाही. त्यांनी सातवी ब च्या वह्या बघितल्या, दाढांची चित्रं बघितली, शेळीच्या जबड्याची कहाणी ऐकली. अशी वापरलेली पेटी वर्षात एखादी येते, असं म्हणाल्या. आणि पुढची दोन वर्षं मी पाठवू शकत नाही, असंही म्हणाल्या. दोन्ही वाक्यं सारख्याच आवाजात. टेंपो फाटकाबाहेर पडून चौक गावाच्या दिशेने गेला.

तो वळतोय न वळतोय तोच ठोंबरे सर ताम्हणे मॅडमवर तुटून पडले. व्हरांड्यात, सगळ्यांदेखत. सांगत होतो, ऐकलं नाहीत. एक ओळ वेगळी लिहिली असती तर तिन्ही पेट्या आल्या असत्या. तुमच्या हट्टापायी मुलांचं नुकसान झालं, आता सांगा वर्गाला जाऊन.

मॅडमचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा मोठा झालेला मी ऐकला. फार नाही, पण सातवी ब पर्यंत गेला असेल.

"मी नाही सांगणार. ज्यांनी केलं ते सांगतील. त्यांनी भिंतीवर चार चौकोन काढलेत, सर. तीन रिकामे का राहणार, ते त्यांना तुम्ही सांगा. दोघांनी."

सर केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मी वर्गात गेलो.

माझा तास नव्हता, म्हणून पोरं उठताना जरा गोंधळली. मी रंगांची पेटी आणली नव्हती, खडूही नाही. एरवी मी पाठमोरा असतो, फळ्याकडे. त्या दिवशी एक्केचाळीस तोंडांकडे बघून बोलावं लागलं. सांगितलं. नंबर मी घातले. मोठ्या सरांनी सांगितलं म्हणून, पण हात माझा. त्यामुळे पक्ष्यांची, सापांची, किड्यांची पेटी दोन वर्षं येणार नाही. तुमच्या मॅडमचा यात काही दोष नाही. तुमचाही नाही. एवढं बोलायला मला वाटलं होतं त्याच्या निम्मा वेळ लागला.

मागच्या बाकावरून रुद्रने विचारलं की मग तुम्ही पत्र लिहिलं का, माझ्यासारखं. लिहिलं, मी म्हटलं. त्याने मान हलवली.

सुरभी उभी राहिली. "सर, पेटीवर लिवलं व्हतं ना, हाताळण्यासाठी. मोठ्या अक्षरात. तुमी वाचलं नाय?"

वाचलं होतं. अक्षर कोणाचं आहे, जाडी किती आहे, स्टेन्सिलने काढलंय की हाताने, हे सगळं बघितलं होतं. मी तिला सांगितलं की वाचलं होतं.

"मग?"

ती उभीच राहिली. बसायला सांगायची मला हिंमत झाली नाही. मग तिनेच दुसरं विचारलं, मोठे सर कधी येणार सांगायला? ताम्हणे बाई दोघं म्हणाल्या होत्या, आम्ही ऐकलं.

मी व्हरांड्यातून केबिनपर्यंत गेलो आणि दार ढकललं. ठोंबरे सर तपासणीचा शेरा फायलीला लावत होते. मान वर न करता म्हणाले, काय हो रोहिदास, तास नाही का तुमचा?

"तास तुमचा आहे, सर. सातवी ब थांबलीय."

त्यांनी मला सांगितलं की मी आता बिझी आहे, उद्या बघू. मी दारातच उभा राहिलो. समोर खुर्ची रिकामी होती, बसलो नाही. त्यांनी फाइल मिटली, परत उघडली, पाणी प्यायले. लडकूमामा चहा घेऊन आले ते मला बघून तिथेच थबकले. मी त्यांना आत जायला वाट दिली नाही.

"उद्या नाही, सर," मी म्हटलं. "त्यातली एक मुलगी अजून उभी आहे."